चाकाचे नट : किती आवळावेत आणि कसे?

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात बोलत उभी होती. कडेला चिंचेखाली आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपल्या मोटारीचे चाक बदलत होता. आईस व दोन लहान भाचरांस घेऊन त्याला त्याच दुपारी चोर्ला घाटाने गोव्यास जावयाचे होते, आणि नेमका मागच्या चाकात खिळा शिरला होता. स्टेपनी चढली, जॅक उतरला, आणि मग त्या पठ्ठ्याने पाना नटावर आडवा बसवून त्याच्या टोकावर चक्क उभे राहून दोन उड्या मारल्या. असे चारही नटांस केले. भोवतालच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर "आता काय बिशाद आहे चाक हलायची!" असे प्रशस्तिपत्रही देऊन टाकले.

आम्ही पुढे होऊन त्यास चारही नट पुन्हा सोडावयास सांगितले. तो गोंधळला. "फादर, सैल राहण्यापेक्षा जास्त घट्ट बरं, नाही का?" असे त्याने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो त्या एकट्याचा नाही. आज खेड्यापाड्यांत मोटारी आल्या आहेत, पंक्चर काढणारा दहा मैलांवर असतो, आणि चाक बदलण्याचे काम घरचा कर्ता मुलगा अंगणातच उरकतो. त्या कामात सर्वांत कमी विचार जर कशाचा होत असेल तर तो शेवटच्या दोन मिनिटांचा, म्हणजे नट आवळण्याचा. उभ्या उभ्या त्यास पुरते उत्तर देता आले नाही. त्याची आईही उशीर होतो म्हणून आमच्याकडे बघत होती. ते उत्तर आज येथे देत आहोत.

धर्मगुरूने नट-बोल्टांवर लिहावे काय, असे कोणी म्हणेल. आमच्या वाट्यास जी गावे आली आहेत ती एकमेकांपासून दूर, मधले रस्ते जंगलाचे, आणि गाडी आम्हीच चालवतो. शिवाय या विषयात आम्ही जे शिकलो ते स्वतः केलेल्या चुकीतून शिकलो, म्हणून ती चूक आधी सांगून टाकणे बरे.

2017 सालच्या जुलै महिन्यात जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना आमच्या गाडीचे पुढचे चाक बसले. पाऊस असा की समोरचे झाड दिसेना. गाडीत मागे एक आजारी बाई, तिचा नवरा आणि त्यांची लेक होती. आम्ही भिजत चाक बदलले. आमच्या गाडीस चाकाला पाच नट. चाक अधांतरी असतानाच पहिला नट दात-ओठ खाऊन पुरता आवळला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, अशी चक्रासारखी फेरी पुरी केली आणि निघालो. बाईंस इस्पितळात पोचवून परतताना, तीसेक किलोमीटर झाले असतील, पुढून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. टायरात खडा अडकला असेल असे समजून आम्ही आणखी काही अंतर तसेच गेलो. मग स्टिअरिंग हाताला थरथर देऊ लागले, तेव्हा कोठे थांबलो. पाहतो तो दोन नट बोटाने फिरत होते आणि तिसरा जागेवरच नव्हता! रिमची भोके घासून लांबट झाली होती. ती रिम पुढे भंगारात गेली. परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही एकटे होतो खरे. पण जाताना ती तीन माणसे त्याच चाकावर बसून गेली होती, हा विचार त्या रात्री आम्हांस झोपू देईना.

आम्ही नट आवळले नव्हते असे नाही. अंगातले सारे बळ लावून आवळले होते. मग ते सुटले कसे? हे कळावयास नट नेमके काय करतो ते समजून घेतले पाहिजे.

बैलगाडीच्या आसाला चाक निसटू नये म्हणून खीळ घालतात, तसाच मोटारीचा नट चाकास अडवून धरतो, अशी बहुतेकांची समजूत असते. पण नटाशी अधिक जवळचे नाते आहे ते चाकाच्या लोखंडी धावेचे. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान बनवतो, ती तापवून फुगवतो, लाकडावर चढवतो आणि वर पाणी ओततो. थंड होताना धाव आकसू पाहते, लाकूड तिला आकसू देत नाही. त्या ताणामुळे ती वर्षानुवर्षे घट्ट बसते. मोटारीच्या चाकात हाच खेळ स्टडाचा असतो. हबातून बाहेर आलेला हा आट्यांचा दांडा नट आवळल्यावर स्प्रिंगेसारखा ताणला जातो, आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या ओढीने चाकास हबावर दाबून धरतो. लहान मोटारीच्या 12 मिलिमीटर जाडीच्या एका स्टडाचा हा दाब तीन-चार टनांच्या घरात जातो. त्या दाबामुळे चाक आणि हब यांच्यामध्ये जे घर्षण उत्पन्न होते, तेच गाडीचे ओझे, ब्रेकचे धक्के आणि खड्ड्यांचे हादरे सोसते. दाब पुरा असला म्हणजे चाक हबावर तसूभरही सरकत नाही; तो कमी पडला की चाक दर फेऱ्यास किंचित सरकते, नट हलतात, आणि मग ते आपोआप उलटे फिरू लागतात.

आता ध्यानात धरण्याजोगी गोष्ट ही की, एवढा प्रचंड दाब देणारा स्टड ताणला जातो तो किती? मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. म्हणजे डोक्यावरच्या एका केसाची जाडी! चाकाचे सारे भवितव्य या केसाएवढ्या ताणावर लटकलेले असते. हब आणि रिम यांच्यामध्ये गंजाचा एक पापुद्रा, वाळलेला चिखल किंवा रंगाचा जाड थर राहिला, आणि गाडी धावू लागल्यावर तो चिरडून बारीक झाला, तर तेवढ्यानेच ताण नाहीसा होतो. नट तर एक वळणही फिरलेला नसतो. आमचे त्या पावसात तेच झाले. पहिला नट एकट्याने पुरता आवळल्यामुळे रिम एका बाजूस कलती बसली; बाकीच्यांनी तिला आहे तशीच दाबली; शिवाय आत लाल चिखल. चार-दोन खड्डे लागताच रिम आपल्या जागी सरळ बसली आणि आमचे सारे बळ वाया गेले.

सैलपणाचे हे झाले. आता त्या तरुणाच्या उड्यांकडे येऊ.

स्प्रिंग मर्यादेत ताणली तर परत येते. मर्यादेपलीकडे ओढली तर ती लांबच राहते आणि तिच्यातला जोर जातो. स्टडाचेही तसेच आहे. अतिरेकाने आवळलेल्या स्टडाचे आटे खेचले जातात, तो आतून थकतो, आणि पुढे केव्हातरी, बहुधा भर घाटात, तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. एक नट फार घट्ट व दुसरा बेताचा असला तर ब्रेकची डिस्कही वाकडी होऊ शकते. मग ब्रेक दाबताना पायाखाली धडधड लागते, आणि लोक टायरला दोष देत बसतात. आणखी एक गोष्ट घरच्या बायकांस ठाऊक असावी. टायरच्या दुकानांत हवेच्या बंदुकीने नट भर्रकन आवळतात. ती बंदूक पुष्कळदा गरजेच्या दुप्पट जोर लावते. असा नट रात्री रस्त्यात सोडावयाची वेळ आली तर गाडीबरोबर मिळालेल्या वीतभर पान्याने तो सुटत नाही. आम्ही एकदा याच कारणाने दोन तास अंधारात बसलो आहोत. तेव्हा दुकानातून चाक बसवून आणल्यावर घरी एकदा नट हातपान्याने सोडून मापाने पुन्हा आवळावेत.

माप म्हणजे काय? फिरवण्याचा जोर न्यूटन-मीटर या मापात सांगतात. दार बिजागरीजवळ ढकलले तर जड लागते, कडेला ढकलले तर बोटाने लोटते, हे आपण रोज पाहतो. म्हणून या मापात जोर आणि दांड्याची लांबी दोन्ही येतात. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगले की सुमारे 98 न्यूटन-मीटर होतात. मारुतीच्या पुष्कळ लहान मोटारींस 85, टोयोटाच्या पुष्कळ मोटारींस 103 आणि होंडाच्या 108 असे आकडे सांगितलेले असतात. मालमोटारीचे आकडे याच्या कितीतरी पट असतात, तेथे हा हिशेब चालवू नये. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेला असतो. ते पुस्तक बहुतेक घरी प्लास्टिकच्या वेष्टनासकट तसेच पडलेले असते, ते फोडावे.

आता त्या तरुणाचा हिशेब करू. पाना 30 सेंटिमीटर, अंगाचे वजन 65 किलो. नुसते टोकावर उभे राहिल्यानेच सुमारे 190 न्यूटन-मीटर झाले. त्याच्या गाडीस हवे होते 85. म्हणजे दुप्पटीहून अधिक, आणि उड्यांचा हिशेब तर वेगळाच. पान्यास लोखंडी पाईप जोडून तो मीटरभर लांब करणारेही आम्ही पाहिले आहेत. एका धट्ट्याकट्ट्या माणसाने तशा पाईपावर अर्धे अंग टाकले तरी आकडा तीनशेच्या वर जातो. घट्ट बसलेला नट सोडण्यासाठी पाईप लावला तर आमची हरकत नाही. आवळण्यासाठी मात्र तो कधीही हाती घेऊ नये.

उत्तम उपाय म्हणजे टॉर्क रेंच, म्हणजेच मापाचा पाना. त्याच्या मुठीवर आकडा लावला आणि नट आवळत गेले की तो आकडा येताच पाना 'टक्' असा आवाज देतो आणि हातास किंचित झटका बसतो. तेथे थांबावे. खात्री म्हणून पुन्हापुन्हा टक्-टक् वाजवीत बसण्याची पुष्कळांस हौस असते. प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकण्याचा संभव असतो, म्हणून ती आवरावी. हा पाना नट सोडण्यास वापरू नये. त्याची किंमत साधारणतः एका नव्या टायरच्या आसपास पडते. पाच-सहा घरांनी मिळून एक घेतला तर कोणासच जड होणार नाही.

तो नसेल तर? तर गाडीचा स्वतःचा आखूड पाना घ्यावा आणि हाताला अंदाज शिकवावा. नटाच्या मध्यापासून मूठ धरतो तेथपर्यंतची लांबी मोजावी. ती 30 सेंटिमीटर असेल तर 85 साठी सुमारे 29 किलोचा आणि 103 साठी सुमारे 35 किलोचा दाब हवा. घरी किंवा दुकानात वजनकाटा असतो. तो स्टुलावर ठेवून हात सरळ ठेवून दाबून पाहावे, आणि 29 किंवा 35 किलो म्हणजे खांद्याला किती लागते ते दहा-बारा वेळा अनुभवावे. ही युक्ती आम्ही एका वयस्क मेस्त्रींकडून घेतली. मापाच्या पान्याची सर तिला नाही, तरी उड्यांपेक्षा ती शंभर पटींनी शहाणी आहे. पहिल्या संधीस मापाच्या पान्याने नट तपासून मात्र घ्यावेत.

कामाचा क्रम वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे, तो आम्ही लांबवीत नाही. जागा सपाट व कठीण असावी, हॅन्डब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, समोरच्या कोपऱ्यातील चाकाच्या पुढे-मागे दगड. पावसाळी जमिनीत जॅकखाली जाड फळी घालावी. जॅकवर असलेल्या गाडीखाली हात-पाय किंवा डोके घालू नये, आणि पोरांस तर जवळपासही फिरकू देऊ नये. नट सोडताना पहिला अर्धा फेरा चाक जमिनीवर असतानाच सोडावा.

चाक निघाल्यावर मात्र घाई नको. हबाची आणि रिमची एकमेकांस टेकणारी पाठ तारेच्या ब्रशने किंवा निदान खरखरीत फडक्याने स्वच्छ करावी. गंज, चिखल, पापुद्रे काही ठेवू नये. स्टडाचे आटेही पुसावेत. येथे आमच्या शेतकरी बंधूंचा हात हटकून तेलाच्या डब्याकडे जातो. गंजू नये, सहज फिरावे, हा हेतू चांगला आहे. परिणाम वाईट होतो. नट आवळताना आपण जो जोर लावतो त्याचा सुमारे नऊ-दशांश भाग आट्यांच्या व नटाच्या बैठकीच्या घर्षणातच खर्च होतो. उरलेल्या दहाव्या भागाने स्टड ताणला जातो. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा हिशेब धरून दिलेला असतो. तेल घातले की घर्षण कमी होते, आणि त्याच आकड्यास स्टड कितीतरी अधिक ताणला जातो. म्हणून गाडीच्या पुस्तकात स्पष्ट सांगितले नसेल तर तेल-ग्रीस काही लावू नये.

नटाची निमुळती बाजू रिमकडे असावी. ती भोकाच्या उतारात बसून चाकास मध्यभागी आणते. नट उलटा लावलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. लोखंडी रिमचे आणि मिश्रधातूच्या रिमचे नट पुष्कळदा वेगळ्या बैठकीचे असतात, कोठे निमुळती, कोठे गोलसर, कोठे सपाट. तेव्हा रिम बदलली तर नट तिचेच असल्याची खात्री करावी. प्रत्येक नट प्रथम बोटांनीच चढवावा. तो बोटाने पाच-सहा वळणे सहज गेला पाहिजे. मध्येच अडला तर आटे वाकडे बसले आहेत किंवा स्टड खेचला गेला आहे. पान्याने जबरदस्ती न करता तो उतरवून पाहावा.

सर्व नट बोटांनी लागल्यावर पान्याने हलकेच टेकवावेत, आणि शेजारी-शेजारी न जाता समोरासमोर. चार नटांत एक झाला की त्याच्या बरोबर समोरचा, मग उरलेल्यांतला एक, मग त्याच्या समोरचा. पाच नटांत एक सोडून एक घेत गेले की चांदणीची आकृती होते. पोरे कागदावर हात न उचलता चांदणी काढतात, अगदी तशी. मग जॅक उतरवून टायर जमिनीस टेकवावा, म्हणजे चाक फिरणार नाही, आणि त्याच क्रमाने आधी अर्ध्या जोरापर्यंत, नंतर पुऱ्या आकड्यापर्यंत आवळावे. दोन फेऱ्या अधिक गेल्या तर जाऊ द्याव्यात, पण एकच नट एकदम पुरा करून पुढे जाऊ नये. 2017 साली आम्ही नेमके तेच केले होते.

आणि मग राहते ते काम, जे शंभरांत नव्वद घरी होतच नाही. चाक बदलल्यानंतर 50 ते 100 किलोमीटर गाडी चालली की चाक थंड असताना सर्व नट पुन्हा त्याच मापाने तपासावेत. केसाएवढा ताण आणि आत चिरडणारे पापुद्रे यांचे जे वर सांगितले, त्याचा इलाज एवढाच आहे. मधल्या काळात चाकातून ठोका आला, स्टिअरिंग थरथरले किंवा नटाभोवती रिमवर गंजाचे ताजे ओघळ दिसले, तर घर जवळ आले म्हणून पुढे जाऊ नये, तेथेच थांबावे. भोक लांबट झालेली रिम आणि आटे गेलेला स्टड यांस क्षमा नाही, ते बदललेच पाहिजेत.

त्या रविवारी आम्ही आमच्या गाडीतील मापाचा पाना आणला. चारही नट सोडले, उतरवले. ते स्टडावरून बोटाने शेवटपर्यंत सहज फिरले, म्हणजे उड्यांनी स्टड खेचले गेले नव्हते. पाठ पुसली, समोरासमोर क्रमाने 85 वर आवळले. वीस मिनिटे गेली. "फादर, आज दुपारचं जेवण साखळीत नाही, चोर्ल्यातच होणार आमचं," असे त्या माउलीने ऐकवले, ते आम्ही ऐकून घेतले. परत तपासण्याची सूचना तिने मात्र लेकाकडून तीनदा वदवून घेतली.

संध्याकाळी त्या तरुणाचा फोन आला. साखळीस पोचल्यावर गाडी थंड होऊ देऊन त्याने तेथील एका गॅरेजातून मापाचा पाना मागून घेतला होता. तीन नट जागचे हलले नाहीत; चौथा फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा फिरला आणि मग 'टक्' वाजले.

आमचा पाना आता कार्यालयाच्या कपाटात ठेवला आहे. 19 आणि 21 मिलिमीटरची दोन्ही सॉकेटे सोबत आहेत. ज्यांस हवा असेल त्यांनी नाव लिहून न्यावा. परत आणताना मुठीवरचा आकडा सर्वांत खाली उतरवून आणावा, नाही तर आतील स्प्रिंग ताणलेली राहून पाना खोटे बोलू लागतो.